काकांचा फॉस्फरस

चुलत्यांच्या राखेनं मी आंब्याचं एक रोप मारलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मला सारवासारव करायला जागा उरणार नाही. रोप मारलं ते अज्ञानानं. पण ते मेल्यावर जे केलं ते पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, हातात फावडं घेऊन केलं.

मी साताऱ्यात एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. माझी सगळी नोकरी एका धड्याभोवती फिरत आली आहे: सजीव कशाचे बनलेले असतात. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस आणि गंधक. साखरेला पहिली तीन पुरतात; प्रथिनांना त्यांच्या जोडीला नायट्रोजन आणि चिमूटभर गंधक; डीएनएला फॉस्फरस हवाच. मी फळ्यावर एक माणूस काढतो आणि त्याच्या पोटात ही सहा नावं लिहितो. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मे महिन्यात विसरून मोकळी होतात. मला ते जमलं नाही, तिथंच घोटाळा झाला.

आमचं गाव औंधच्या पलीकडे, पाऊस हातचं राखून पडतो त्या बाजूला. घराणं मेंढपाळांचं. काका तरुणपणी मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी जायचे. कुंडल, पलूस भागातले बागायतदार आपल्या रानात रात्रभर मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्या आणि मुतानं रान कसदार व्हायचं. पुढे गुडघे गेले, मेंढरं विकली आणि काका ज्वारी-घेवड्याचे शेतकरी झाले. गेल्या भाद्रपदात ते गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. म्हणजे मी मध्ये पडेपर्यंत तरी त्यांच्या मरणात कुणालाच काही त्रास नव्हता.

आमच्या भावकीनं फार पूर्वी ठरवून टाकलंय की राख नदीत सोडायची नाही. आपल्या रानात खड्डा काढायचा, रोप लावायचं, बुडात मूठभर राख घालायची आणि बाकीची शेतभर उडवून द्यायची. रीत चांगली आहे, आजही मी तिच्या बाजूचा आहे. पण नैवेद्य ठेवून कावळ्याची वाट बघणं काही सुटलेलं नाही. नदी सुटली, कावळा राहिला.

तिसऱ्या दिवशी सगळे जमले. गावात दुःख असलं तरी माईक असतोच. माजी सभापती बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, दोघांनीही कधीही भरून न येणाऱ्या पोकळीचा उल्लेख केला. दुसऱ्यानं तर आधी काकांच्या जागी भलत्याच माणसाचं नाव घेतलं आणि मग पोकळी तीच ठेवून नाव दुरुस्त केलं. पलीकडे पत्रावळीवर भात, चहाचा कप आणि तंबाखूची पुडी मांडली होती. कावळा चिंचेवर बसून होता, पण उतरत नव्हता.

"इच्छा राहिली कायतरी," एक म्हातारा म्हणाला.

"चुना ठिवलाय का पुडीसंगं? चुन्याबिगार हात लावायचं न्हाईत ते."

"आवं, चुना हाय. कावळ्यालाच तंबाखू चालत नसंल."

हसू दाबायला लोक खाली बघू लागले. ऊन चढलं, पावणे घड्याळं बघू लागले. काकी एका कडेला बसली होती, पदर तोंडाशी धरून, त्या चिंचेकडे टक लावून. तिला मोतीबिंदू होता. कावळा तर सोडाच, चिंचसुद्धा तिला धूसर दिसत असणार. तरी ती बघत होती. मला तिची कणव आली. कणवेच्या भरात माणसानं काय करू नये, तर माईक घेऊ नये. मी घेतला.

मी म्हणालो, कावळ्याची गरज नाही. पोकळीबिकळी काही झालेली नाही. या विश्वात काही नाहीसं होत नाही. काकांचं शरीर सहा मूलद्रव्यांचं होतं, ती सहाही या राखेत आहेत. ही राख आपण या रोपाला देऊ. काकांचा कार्बन खोडात जाईल, नायट्रोजन पानांत जाईल, आणि काकांचा फॉस्फरस, काकी, तुझ्या आंब्याच्या कोयीत येईल. मग मूठभर का? प्रतीकं पुरे झाली! सगळी राख या खड्ड्यात घाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सावडायच्या दिवशी टाळ्या! आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्या भाषणात शास्त्राचं काय झालं होतं ते आता सांगतो. तेव्हा सांगायला हवं होतं. सहातला कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन दहनाच्या दिवशीच धुरातून निघून गेले होते. गंधकातलंही बरंचसं गेलं होतं. झाड आपला कार्बन हवेतून घेतं, मुळांतून नाही. हे मीच दरवर्षी शिकवतो आणि चुकीचं लिहिणाऱ्याचे गुण कापतो. मागे राहिला होता हाडांतला चुना, त्याला घट्ट धरून बसलेला फॉस्फरस, आणि सरणाच्या लाकडांची ढीगभर खारट राख. तीही आमच्या आधीच चुनखडीच्या रानात. पाट्या भरून राख खड्ड्यात पडत होती तेव्हा मी काकीचा हात धरून उभा होतो आणि ती मला हळूच विचारत होती, "समदं हाईत न्हवं ह्यात? धुरात कायबी न्हाई गेलं?"

"सगळे आहेत काकी," मी म्हणालो.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. 'सरांचं विज्ञाननिष्ठ भाषण' असं शीर्षक लागून ते भावकीच्या ग्रुपवरून तालुक्याच्या ग्रुपवर गेलं आणि माझ्याकडे परत आलं तेव्हा त्याच्या मागे बासरी वाजत होती. कॉलेजात सहकारी हात जोडून म्हणू लागले, "या, फॉस्फरसवाले." मी लाजल्यासारखं करायचो.

दिवाळीच्या सुमाराला काकीचा फोन आला. "बाळा, तुझं काका पिवळं पडलं रं."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. ती रोपाला काका म्हणत होती. रोज सकाळी हंडा घेऊन जायची, पाणी घालायची, शेजारी बसायची, आणि गावातलं सगळं त्यांच्या कानावर घालायची. कावळ्याला नावं ठेवता ठेवता मी तिला सहा मूलद्रव्यांचा एक कावळा आणून दिला होता.

मी जाऊन पाहिलं. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. उसात पडतो तसला केवडा. राखेनं मातीतलं लोह कोंडून ठेवलं होतं आणि मुळांना ते मिळत नव्हतं. पानांची टोकं करपली होती, ती खारामुळे. बघताक्षणी मला सगळं कळलं.

"काय झालं रं त्यास्नी?"

"थंडी आहे काकी. होईल बरं."

इथं पहिलं जाणूनबुजून खोटं बोललो. परतताना वाटेत मी स्वतःची समजूत घातली की, दुःखात असलेल्या बाईला आम्लता-अल्कता सांगणं क्रूरपणाचं होईल. भाषणात तिला सहा मूलद्रव्यं सांगताना मात्र ते क्रूर वाटलं नव्हतं.

त्याच सुमारास कुंडलहून बोलावणं आलं. ज्यांच्या रानात काका मेंढरं बसवायचे त्या घरातले थोरले वारले होते. धाकटा मुलगा फोनवर म्हणाला, "सर, तेच बोला. फॉस्फरसवालं. आमच्या आक्का लय रडल्या ते बघून." मी गेलो. द्राक्षबागेच्या कडेला मंडप होता. मला पतसंस्थेचे चेअरमन आणि एक निवृत्त फौजदार यांच्यामध्ये बसवलं. मी तेच बोललो, आवाजही त्याच जागी खाली आणला. फक्त शेवटी खड्ड्यापाशी वाकून त्या मुलाला हळूच म्हणालो, "राख मूठभरच घाला. प्रतीकात्मक. बाकीची बागेभर लांबवर पातळ उडवा."

"पन व्हिडिओत तुमी समदी घाला म्हनताय की."

"ते तिकडच्या मातीसाठी."

माझ्याविरुद्ध याच्याहून मोठा पुरावा कुठल्याही कोर्टात मिळणार नाही. परक्याच्या रोपाला मी बरोबर मात्रा सांगितली, आणि माझी सख्खी काकी इकडे रोज हंडाभर पाणी घालून ती राख सिमेंटसारखी घट्ट करत होती.

मग चुलत बहीण कॉलेजात आली. तिला साताऱ्यातच दिलंय. स्टाफरूमच्या दारातूनच सुरू झाली.

"दादा, काय सांगून ठेवलंयस माझ्या आईला?"

"काय झालं?"

"डॉक्टरांनी डोळ्याची तारीख दिलीय. मोतीबिंदू पिकलाय म्हणतात, आणखी लांबवू नका. आई म्हणते, तुझ्या बापाला असल्या दुखण्यात टाकून कुठं येऊ? त्यास्नी पानी कोन घालील? माझा बाप गेलाय दादा, तो मी माझ्या हातानं पोचवलाय. हा दुसरा कुठून काढलास?"

माझ्या शेजारी बसलेले भौतिकशास्त्राचे सर खिडकीबाहेर बघू लागले. ते इतका वेळ खिडकीबाहेर कधीच बघत नाहीत.

आता प्रश्न झाडाचा राहिला नव्हता. काकीच्या नजरेचा होता. मी लोहाचं खत घातलं, पानांवर फवारा मारला, गांडूळखत टाकलं. रोप वरून खाली वाळत आलं. पौषात शेंड्याची काडी मोडून पाहिली, तर कोरडी कट्ट वाजली. काकीला सांगितलं, "पानं गाळलीत फक्त. वाढ थांबलीय." ती चाचपून म्हणाली, "हाडं लागाय लागली रं हाताला."

त्या रात्री नव्हे, भर दुपारी, वर्गात, फळ्यावर तो नेहमीचा माणूस काढताना मला उपाय सुचला. तिला नीट दिसत नाही. हे वाक्य माझ्या मनात जसं आलं तसंच इथं लिहिलंय.

औंधला यमाईची यात्रा होती. मी काकीला म्हणालो, शेजारणींबरोबर जीपनं जाऊन ये, देवीला काकांचं सांगून ये. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी देवीला जायचा आग्रह केला. तिला इतकं नवल वाटलं की लगेच तयार झाली.

तिची जीप वळणाआड गेल्यावर मी नर्सरी गाठली. केशर आंबा, अमुक उंचीचा, डावीकडे एक फांदी असलेला, असं सांगितलं.

"डावीकडंच पायजे?" नर्सरीवाला म्हणाला. "उंची मोजून कोन आंबा घेतं सर? गणवेश शिवताय का त्याला?"

"जुन्याच्या जागी लावायचाय."

"मग जुन्याला काय झालं ते तर सांगा, न्हायतर ह्योबी मरंल."

मी सांगितलं नाही. रोप गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घातलं आणि रानात आलो. मेलेलं रोप एका हातानं उपटून आलं. खाली राखेचा थर पांढराकरडा, ढेकळासारखा कडक झाला होता. फावडं त्याच्यावर खणखणत होतं. जीव तोडून खणला. नवी माती घालायची तर ही काढायला हवी. काढली, खताच्या रिकाम्या पिशव्यांत भरली आणि गाडीच्या डिकीत ठेवली. नवं रोप लावलं, पाणी दिलं, गाडीत बसलो. मग लक्षात आलं की मी काकांना डिकीत घालून साताऱ्याला निघालोय.

उतरलो. चारी बांधांच्या कडेनं, ज्वारीच्या धाटांमधून ती राखेची माती मुठीमुठीनं पातळ उधळली. पहिल्याच दिवशी करायचं होतं ते. वारा उलटा होता. केस, मिशा, चष्मा, सगळं पांढरं झालं. बांधावर एक शेरडं राखणारी बाई थांबली. "सर, आंघोळ कवा करनार?" म्हणाली आणि गेली.

तिन्हीसांजेला काकी आली. यमाईचा अंगारा तिनं आधी माझ्या कपाळाला लावला, मग चाचपडत रोपापाशी गेली. पानावर हात पडला. थबकली. दुसरं पान धरलं, तिसरं. बोटांनी पानाची कड न कड फिरून पाहिली.

"आलं की रं पानी अंगात! देवी पावली बग. एका दिसात!"

मी विज्ञाननिष्ठ माणूस. मी चमत्कार केला होता.

त्याच आठवड्यात तिनं ऑपरेशनला होकार दिला. बहिणीला मी खरं सांगितलं. ती म्हणाली, "वाईट केलंस. पण आता बोलू नकोस. डोळा होऊन जाऊ दे." डोळा छान झाला. पट्टी काढल्यावर काकी मला बघून म्हणाली, "किती म्हातारा झालास रं." मी हसलो, पण तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. गावी गेली ती सरळ रानात. हिरवंगार रोप बघून उभीच राहिली.

माझं मन मला समजवायला तयारच होतं. नजर आली, रोप जगलं, म्हातारी खूष. कुणाचं काय बिघडलं? बहीणही म्हणाली, "आई आता रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेते. म्हणते, फळ धरेपर्यंत जगायला पाहिजे." असे दिवस गेले. मी गावी गेलो की रोपाची स्तुती ऐकायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो.

चैत्रात गेलो होतो तेव्हा काकीकडे वस्तीवरची एक बाई आली होती. तिचा नवरा चारच दिवसांपूर्वी गेलेला. वयानं काकीपेक्षा खूप लहान, डोळे सुजलेले. त्यांनी राख अजून ठेवली होती. रोप लावायचं होतं आणि कसं लावायचं ते विचारायला आली होती.

काकी तिला मायेनं सांगत होती. "मूठभर न्हाई घालायची, बाई. समदी घाल. आमच्या सरांनी तसंच सांगितलं. मधी पिवळं पडतं, तवा भिऊ नगं. गळत्यात पानं, काटकी हुती. दम धर. औंधला जाऊन ये, देवीला सांग. माझं उटून बसलं, तुजंबी बसंल."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. "व्हय ना, सर?"

ती विचारत होती आणि मला पुढचं सगळं दिसत होतं. हंडा, पिवळी पानं, तिचं फोन करणं, तिनं एका काटकीपाशी बसून तिला बोलतं करायचा प्रयत्न करणं. तिचं रोप गुपचूप बदलायला तर माझ्यासारखा पुतण्याही नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "मूठभरच घाला, तीही मातीत कालवून. बाकीची सगळ्या रानात उडवा. सगळी घातली तर रोप मरतं."

"आरं, आपलं तर जगलं की," काकी म्हणाली.

"नाही जगलं काकी. ते मेलं होतं. तू औंधला गेलीस त्या दिवशी मी नवं आणून लावलं."

बाई आधी माझ्याकडे, मग काकीकडे बघू लागली. पदर सावरून ती उठली आणि "येते आक्का," म्हणून गेली.  काकी उठली आणि रानाकडे चालू लागली. मी मागे. रोपापाशी येऊन ती त्याच्याकडे बघत राहिली, नव्या डोळ्यांनी, खालपासून वरपर्यंत.

"मग ह्यो कोन?"

"नर्सरीतलं रोप."

"मी ह्याला घरातलं समदं सांगितलं. लेकीचंबी सांगितलं." मग म्हणाली, "आन ते कुटं हाईत?"

मी चारी बांधांकडे हात केला. "तिकडं सगळीकडं. ज्वारीत."

"ज्वारी काढली. भाकरी खातीय मी तिची."

ती रागावली आहे की रडते आहे मला कळेना. मी घाईनं बोलू लागलो. राख फार अल्कधर्मी असते, त्यात आपली जमीन चुनखडीची, लोह अडकून पडतं, खरं तर सहातली बरीचशी मूलद्रव्यं धुरातच...

"गप," ती म्हणाली. "शाळा नगं. तवाबी शाळाच घेतलीस. माजं मानूस गेलं हुतं आन तू शाळा घेतलीस."

 ती थांबून होती. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती; आता तिला माझं तोंड स्पष्ट दिसत होतं. मी चपला काढल्या. का काढल्या ते मला सांगता येणार नाही. तिच्या पायांपाशी ढेकळांत बसलो आणि म्हणालो,

"काकी, माझं चुकलं. मला नीट माहीत नव्हतं, तरी माहीत असल्यासारखा चारचौघांत बोललो, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून खूष झालो. काकांच्या नावानं लावलेलं रोप मी मारलं. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. नंतर तुला फसवलं, आणि तुला दिसत नाही हे बघून फसवलं. तू त्याच्याशी बोलत होतीस तेव्हाही मी गप्प राहिलो. मला माफ कर."